माझ्या नावाची पिचर

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सॉफ्टबॉलच्या संघात होते, म्हणजे बाकावर होते. आमच्याकडे तेव्हा हा खेळ फारसा कुणाला माहीत नव्हता. घरी विचारलं की मी सांगायचे, क्रिकेटसारखाच असतो, पण चेंडू मोठा आणि तो खालून फेकतात. मैदानावर चुन्याने चौकोन आखायचा, त्याच्या चार कोपऱ्यांवर पळत जायचं, आणि मधोमध उभी असते ती पिचर. ती खांद्यापासून हात गरकन फिरवून मांडीजवळून चेंडू सोडते आणि समोरची मुलगी तो बॅटने मारायला बघते. मला पिचर व्हायचं होतं. रोज दोन तास मी हात फिरवायचे आणि रोज माझा चेंडू बॅटवालीमागे झेलायला बसलेल्या कॅचरच्या डोक्यावरून कुंपणाकडे जायचा. आमच्या क्रीडाशिक्षकांना आम्ही नुसतं ‘सर’ म्हणायचो. ते एकदा म्हणाले, “तुझी जिद्द चांगली आहे.” खेळाबद्दल ते काहीच बोलले नाहीत, त्यावरून मी काय ते समजले.

ही नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. कॉलेजांची राष्ट्रीय सॉफ्टबॉल स्पर्धा त्या वर्षी नाशिकला भरणार होती आणि यजमान म्हणून आमच्या संघाला थेट प्रवेश मिळाला होता. पण दिवाळीनंतर आमच्या पिचरचं लग्न झालं आणि ती सासरी गेली. सर आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका सकाळी मैदानावर एक उंच, काटकुळी मुलगी आली. पायात रबरी चप्पल, अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट. चप्पल काढून ती अनवाणी उभी राहिली आणि डाव्या हाताने चेंडू टाकला. आमच्या कॅचरने तो झेलला, मग हातमोजा काढून तळहात बघितला. लाल झाला होता.

ती एकलहऱ्याची. वडील थर्मल पॉवर स्टेशनला कंत्राटी कामाला. शाळेत असताना ती जिल्ह्याकडून खेळली होती, तेव्हाच सरांनी तिला हेरलं होतं. पण बारावीला इंग्रजीत नापास झाली आणि शिक्षण थांबलं. द्राक्षांच्या हंगामात ती निफाडकडे एका पॅकिंग शेडवर घड निवडायला जायची. आमच्या कॉलेजची ती विद्यार्थिनी नव्हती. कुठल्याच कॉलेजची नव्हती.

दुपारी सरांनी मला खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

“तुझं नाव संघात आहेच,” ते म्हणाले. “ते तसंच राहील. फक्त मैदानावर ती उतरेल.”

मला पटकन कळलं नाही. त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं. त्यावर तिचा फोटो चिकटवायचा आणि तिने माझ्या नावाने खेळायचं, असं ते होतं.

“आणि मी?”

“तू ते तीन-चार दिवस मैदानाकडे फिरकू नकोस. प्रमाणपत्र तुझ्याच नावावर येणार. राष्ट्रीय स्पर्धेचं. पुढे खेळाडूंच्या राखीव जागेत नोकरीला कामाला येईल.”

“आणि तिला काय?”

“ती बारावी सुटली की पुढच्या वर्षी तिला आपण कॉलेजात घेऊ. तिला खेळायचंय. विचार तिला.”

मी विचार करते म्हणाले असते तरी चाललं असतं. मी ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी गळ घातली नव्हती. इतक्या वर्षांत मी पुष्कळदा स्वतःला समजावलं आहे की मी लहान होते, सरांपुढे काय बोलणार. पण त्या खोलीतून बाहेर पडताना मला आनंद झाला होता, आणि तो मला अजून स्पष्ट आठवतो.

पुढचा आठवडा मी तिला ‘मी’ शिकवलं. जिमखान्यामागच्या खोलीत चटईवर समोरासमोर बसून. माझी जन्मतारीख, हजेरी क्रमांक, विषय, घरचा पत्ता. शहराबाहेर आमचा मळा होता. झेंडू, शेवंती आणि गुलाब. वडील पहाटे फुलं तोडून बाजारात न्यायचे. आम्ही भावंडं त्यांना नाना म्हणायचो. ती सगळं मन लावून पाठ करायची.

“गुलाब कोणता?” तिने विचारलं.

“कोणता म्हणजे? गुलाब.”

“तसं नाय. कुणी खोदून विचारलं तर? गावठी का कलमी?”

मी सांगितलं. मग तिने विचारलं, “तुझी आई तुला काय म्हणून हाक मारती?” हे काही कुणी विचारणार नव्हतं. तरी मी सांगितलं. तिने ते नाव दोनदा म्हणून बघितलं आणि हसली. “लय गोड हाय गं.” माझ्या डोक्यात आलं की हिची आई हिला काय म्हणते, हे आपणही विचारावं. पण मी विचारलं नाही. मला त्याची गरज नव्हती.

घरी मी काहीच सांगितलं नाही. स्पर्धा आहे, मी संघात आहे, एवढं त्यांना माहीत होतं. सामन्यांच्या दिवशी मी सकाळी ड्रेस घालून, डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर मैत्रिणीच्या खोलीवर बसायचे. संध्याकाळी केसांना थोडी धूळ लावून घरी यायचे. ही धुळीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

पहिला सामना आपण जिंकला, असं कॅचरने मला येऊन सांगितलं. सामन्याआधी तपासणीच्या टेबलावरच्या एका बाईंनी ओळखपत्र हातात घेऊन पिचरला बरंच काही विचारलं होतं. वडील काय करतात? फुलशेती. कसली? तर हिने कोणत्या महिन्यात कलम करायचं, कीड कशी ओळखायची, इथपर्यंत सांगितलं. बाईच म्हणाल्या, जा बाई, खेळ आता. कॅचर हसत होती. मीही हसले. हे सगळं मी शिकवलेलं नव्हतं. ती कुठून तरी विचारून आली होती.

दुसरा सामनाही जिंकला, उपांत्य सामनाही. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. माझं नाव होतं, आणि लिहिलं होतं, ‘या डावखुऱ्या पिचरपुढे पाहुण्या संघाची फलंदाजी कोलमडली.’ शेजारच्या काकू पेपर घेऊनच आल्या. आईने तो चुलीपाशी बसून तीनदा वाचला.

“डावखुरी काय लिहिलंय गं?” तिने विचारलं.

“चुकलंय त्यांचं,” मी म्हणाले. “नेहमी काहीतरी चुकतातच.”

नाना दाराशी बूट घालत होते. त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “आज शेवटची मॅच ना? बाजार उरकून येतो मी.”

“नका येऊ नाना. ऊन असतं. आणि तुम्हाला कळायचं नाही काही.”

“कळायचं काय त्यात? तू खेळशील, मी बघीन.”

मग मला घरी किंवा मैत्रिणीकडे बसवेना. त्यांना मैदानाच्या फाटकातूनच परत फिरवायचं असं ठरवून मी गेले. ओढणी तोंडाला बांधून एका झाडापाशी उभी राहिले. पण मला पोचायला उशीर झाला होता. नाना आधीच दोरीपाशी पुढे उभे होते. धोतर, पांढरी टोपी, आणि हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेले गुलाब. आजूबाजूला कॉलेजची मुलं-मुली शिट्ट्या मारत होती आणि ते मान उंच करून आमच्या संघाकडे बघत होते. मला शोधत होते.

लाउडस्पीकरवर खेळाडूंची नावं सुरू झाली. माझं नाव आलं. ती धावत मैदानाच्या मध्ये गेली. नानांनी टाळ्या वाजवायला हात उचलले होते, ते तसेच राहिले. त्यांनी शेजारच्या मुलाला काहीतरी विचारलं. त्याने तिच्याकडे बोट दाखवलं.

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. ओढणी सोडली नाही. त्यांनी मला डोळ्यांवरून ओळखलं.

“ती कोण?”

“हळू बोला नाना.”

“आत्ता तुझं नाव घेतलं ना?”

“हो.”

“मग तू इथं कशी?”

मी त्यांना सांगितलं. चार वाक्यांत सगळं बसलं, इतकं ते साधं होतं. सरांनी सांगितलं म्हणून, सगळीकडे असंच चालतं, प्रमाणपत्र माझंच असणार आहे. ते ऐकत मैदानाकडे बघत होते. ती चेंडू टाकत होती. समोर उत्तरेकडचा एक नावाजलेला संघ होता, धिप्पाड मुलींचा. तिचा हात फिरताना दिसायचाच नाही, एकदम कॅचरच्या हातात चेंडू वाजल्याचा आवाज यायचा.

“त्या पोरीचं खरं नाव काय?” नानांनी विचारलं.

“कशाला हवंय तुम्हाला?”

“टाळ्या वाजवायच्यात.”

“वाजवा की मग. नाव कशाला लागतंय?”

मला भीती वाटली होती की ते तिला नावाने हाक मारतील. त्यांचा आवाज मोठा होता. मळ्याच्या एका टोकावरून हाक दिली की दुसऱ्या टोकाला ऐकू यायची. म्हणून मी त्यांना तिचं नाव सांगितलंच नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या डावात आम्ही एका धावेने पुढे होतो. समोरच्या संघाच्या मुली तिन्ही बेसवर, म्हणजे चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवर, उभ्या होत्या, दोन बाद झालेल्या. एक फटका बसला असता तरी सगळं संपलं असतं. सर बाजूने ओरडत होते, माझंच नाव घेऊन. तिने पायातला बूट काढला. बूट संघाचा होता, तिला घट्ट होत होता. मग दुसराही काढला. पंच धावत आले, म्हणाले अनवाणी चालणार नाही. तिने निमूटपणे पुन्हा घातले, नाड्या बांधल्या आणि तीन चेंडू टाकले. तिन्ही वेळा समोरची बॅट नुसती हवेत फिरली, आणि तीनदा हुकलं की बाद.

मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या. लाउडस्पीकरवर माझं नाव तीन-चारदा ऐकू आलं. नाना दोरीखालून वाकून आत गेले. मी त्यांची बाही धरली होती, ती सुटली. ते तिच्यापाशी पोचले, फडकं सोडलं आणि सगळे गुलाब तिच्या हातात दिले.

“लय भारी खेळलीस बाई,” ते म्हणाले.

टेबलावरच्या त्या बाई तिथेच उभ्या होत्या. समोरच्या संघाचे प्रशिक्षकही होते. तिने एकदा गुलाबांकडे पाहिलं, एकदा टोपीकडे, आणि तिला कळलं. ती वाकली, नानांच्या पायांना हात लावला आणि मोठ्याने म्हणाली, “नाना, आशीर्वाद द्या.”

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मी दोरीच्या अलीकडे, तोंडाला ओढणी बांधून उभी होते. ती मला वाचवत होती, ते दोघंही मला वाचवत होते, आणि माझ्या मनात होतं ते एवढंच, की या बाईंना संशय तर नाही ना आला.

नाना आणि मी घरी गेलो. आईला त्यांनी काही सांगितलं नाही. महिन्याभराने प्रमाणपत्र आलं तेव्हा आईने ते काचेत बसवून आणलं आणि नानांना म्हणाली, खिळा ठोका. ते म्हणाले, “भिंत पोकळ आहे. खिळा बसायचा नाही.” ती चौकट मग कपाटावर आडवी पडून राहिली. तो विषय आमच्यात पुन्हा कधीच निघाला नाही. ते रागावले असते, दोन शब्द बोलले असते, तर बरं झालं असतं असं मला वाटायचं. आता वाटतं, तेवढीही सोय मला का मिळावी?

तिने बारावीची परीक्षा पुन्हा दिली आणि इंग्रजी पुन्हा राहिलं. सरांनी पुढच्या वर्षी दुसरीकडून दुसरी पिचर आणली. एकलहऱ्याची ती मुलगी कुठे गेली हे मी विचारलं नाही.

पुढच्या दशकाच्या सुरुवातीला एका सरकारी कार्यालयात लिपिकांची भरती निघाली. खेळाडूंसाठी जागा राखीव होत्या. मी अर्जाला प्रमाणपत्र जोडलं, आणि वजन पडावं म्हणून पेपरातलं ते कात्रणही जोडलं. पडताळणीला ज्या साहेबांसमोर बसले ते, कात्रण नीट वाचणारे निघाले. मी कागदावर सही केली, आणि ते माझ्या हाताकडे बघत राहिले.

“इथे डावखुऱ्या लिहिलंय.”

“हो सर.”

“सही उजव्या हाताने करता?”

माझ्या तोंडून उत्तर आपोआप आलं. “वडिलांनी लहानपणी मारून उजव्या हाताने लिहायला लावलं सर. जुन्या विचारांचे आहेत.”

साहेबांनी हळहळून मान हलवली. “असतात काही आईबाप असे,” म्हणाले आणि शिक्का मारला.

नानांनी आम्हा भावंडांपैकी कुणावरही कधी हात उगारला नव्हता. नेमणुकीचं पत्र घेऊन घरी आले तेव्हा ते शेवंतीच्या वाफ्यात बसून तण काढत होते. मी पाया पडले. “चांगलं झालं,” ते म्हणाले. “आता काम नीट कर.” मी काम नीट केलं. उशिरा कधी गेले नाही, कुणाची फाईल अडवली नाही. त्याने काही फिटतं असं नाही, पण करत राहिले.

नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील. एका दुपारी ती माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. अंगाने भरली होती, कडेवर लहान मुलगी होती. हसली तेव्हा ओळखलं. आम्ही बाहेर टपरीवर चहा घेतला. लग्न झालं होतं, नवरा नाशिकरोडला वर्कशॉपमध्ये होता. जवळच्या एका शाळेला मुलींना सॉफ्टबॉल शिकवायला बाई हवी होती. ती जाऊन भेटली होती, पण त्यांनी राष्ट्रीय स्पर्धेचं प्रमाणपत्र मागितलं.

“तू लिहून देशील का,” तिने विचारलं, “की त्या वर्षी मी खेळले होते म्हणून?”

“असं कसं लिहू?”

“कसं म्हणजे? खरं तेच.”

मी इकडेतिकडे बघितलं. ऑफिसमधलं कुणी नव्हतं. “माझी नोकरी त्याच्यावरच लागलीय गं,” मी हळू आवाजात म्हणाले. “लिहून दिलं तर जाईल.”

ती खरोखर दचकली. कप खाली ठेवला. “अगं हो की. ते माझ्या ध्यानातच नाय आलं. राहू दे, राहू दे.” जणू तिच्याच हातून काही चूक झाली होती. मग मुलीला बशीतला चहा पाजता पाजता तिनेच मार्ग काढला. “मग असं कर. मला ओळखतेस, मला खेळ येतो, एवढं तरी लिही. आणि खाली तुझ्या नावापुढं राष्ट्रीय खेळाडू लिही. म्हणजे ते ऐकतील.”

मी लिहिलं. तिथेच, टपरीच्या बाकावर. ‘सदर महिलेला सॉफ्टबॉल खेळाचे उत्तम ज्ञान आहे असे मी स्वानुभवाने प्रमाणित करते.’ खाली सही, आणि सहीखाली तिने सांगितलेले दोन शब्द. तिने कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली. जाताना तीनदा म्हणाली, लय उपकार झाले.

तिला ते काम मिळालं. दोन वर्षांनी तिच्या मुलींचा संघ जिल्ह्यात पहिला आला. शाळेने सत्कार ठेवला आणि मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलं. मी आजारी असल्याचं कळवणार होते. ती स्वतः घरी येऊन बसली, म्हणाली, “तू नाय आलीस तर मी पण स्टेजवर जाणार नाय.” गेले.

मैदानावर मांडव होता. मुख्याध्यापिकांनी तिला माईक दिला. तिला भाषणाची सवय नव्हती, हात साडीला पुसत होती. माझ्याकडे न बघता ती मुलींना म्हणाली, “या मॅडम आमच्या संघाच्या पिचर होत्या. यांनी फायनल जिंकून दिली. मी तेव्हा बघायला होते.” मुलींनी टाळ्या वाजवल्या. मी उठून सांगू शकले असते. माईक दोन हातांवर होता. शे-दीडशे माणसं असतील, बहुतेक मुलंच, त्यांतलं कोण माझ्या ऑफिसात सांगायला येणार होतं? तरी मी हात जोडून बसून राहिले.

कार्यक्रम संपल्यावर मुलींनी मला घेरलं. एकीने चेंडू माझ्या हातात ठेवला. “मॅडम, एक बॉल टाकून दाखवा ना!” कॅचर मुलगी जाऊन बसलीसुद्धा, हातमोजा पुढे करून. चेंडू हातात जड लागत होता. मी काही बोलायच्या आत ती मुलींमधून वाट काढत आली आणि माझ्या हातातून चेंडू काढून घेतला.

“मॅडमचा खांदा दुखावलाय,” ती त्यांना म्हणाली. “फायनलमध्येच. त्या दिवसापासून त्यांनी बॉल टाकलाच नाय.”

मुली हळहळल्या. एका लहानगीने माझ्या खांद्याला हात लावून विचारलं, अजून दुखतो का. मी हो म्हणाले.